दुपारच्या आत खिंड: जॉन म्यूर ट्रेलवरचे दिवस

जॉन म्यूर ट्रेलला जाणार म्हटलं की लोक आधी अस्वलांबद्दल विचारतात, मग बर्फाबद्दल, मग भीती वाटत नाही का म्हणून. तिथे दिवसभर नेमकं काय करायचं असतं, हे क्वचितच कुणी विचारतं. मला मात्र तेच सांगावंसं वाटतं. कारण या वाटेवरचा उन्हाळा शिखरांनी थोडा आणि घरकामाने जास्त भरलेला असतो. पाणी आणायचं, गाळायचं, जेवण करायचं, अंथरूण घालायचं आणि काढायचं, मोजे धुवायचे, टेंट वाळवायचा, पायांकडे बघायचं. ही कामं जो रोज कंटाळा न करता नीट करतो, तो शेवटपर्यंत पोचतो. आमच्या मागून धडाधड पुढे गेलेले दणकट लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोड आलेले पाय धरून बसलेले आम्हाला दिसले.

ही वाट कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातून जाते. उत्तरेला योसेमिटी खोऱ्यातल्या हॅपी आइल्सपाशी सुरुवात, दक्षिणेला माउंट व्हिटनीच्या माथ्यावर शेवट. अंतर २११ मैल, म्हणजे साधारण ३४० किलोमीटर. माथ्यावरून पलीकडे व्हिटनी पोर्टलला उतरायला आणखी सतरा किलोमीटर चालावं लागतं, ते वेगळं. सुरुवात १,२३० मीटरवर, शेवट ४,४२१ मीटरवर. अलास्का सोडलं तर अमेरिकेत व्हिटनीहून उंच जागा नाही. मधल्या सगळ्या चढांची बेरीज सुमारे १४ हजार मीटर भरते.

सिएरा क्लब या निसर्गसंरक्षण संघटनेचे संस्थापक जॉन म्यूर डिसेंबर १९१४ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने या वाटेचं काम सुरू झालं. शेवटचा तुकडा पुरा व्हायला १९३८ साल उजाडलं. पण इथल्या खिंडी त्याच्या कितीतरी आधीपासून पायाखालच्या होत्या. पूर्वेकडचे पायूट लोक ज्वालामुखीची काळी काच, म्हणजे ऑब्सिडियन घेऊन या खिंडींतून पश्चिमेकडे व्यापाराला जात. ते या वाटेला नूमू पोयो म्हणतात. एखाद्या कातळाच्या आडोशाला बसलं की मातीत कधीकधी तशी काळी कपची चमकते. ती बघायची आणि तिथेच ठेवायची.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. पुण्यात वाढलो, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड करत मोठे झालो आणि आता दोघंही कॅलिफोर्नियात असतो. त्यामुळे चढाची सवय होती, सॅकची सवय होती. सह्याद्रीत मात्र पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते, ताक मिळतं, शेवटची एसटी मिळते. नर्मदा परिक्रमेला गेलेला माणूस सदावर्तावर आणि आश्रमांवर महिनोनमहिने चालतो. इथे तसं काही नाही. वाटेत गावच नाही. जे खायचं ते पाठीवर घेऊन निघायचं, नाहीतर आधी पोस्टाने पाठवून ठेवायचं.

परमिटाबद्दल थोडक्यात सांगते. योसेमिटीतून दक्षिणेकडे जायचं तर सोडत असते आणि निघायच्या तारखेच्या साधारण २४ आठवडे आधी अर्ज करावा लागतो. डोनोह्यू खिंड ओलांडून पुढे जाणाऱ्यांची रोजची संख्या ठरवून दिलेली आहे, त्यामुळे पहिल्या अर्जात नंबर लागत नाही म्हणून निराश होऊ नये. आम्ही आठवड्यामागून आठवडा अर्ज करत राहिलो आणि ऑगस्टची तारीख मिळाली. ऑगस्ट मला मनापासून आवडला. जुलैत डासांचे ढग असतात, ओढ्यांना जोर असतो, खिंडींवर बर्फ असतं. ऑगस्टमध्ये हे सगळं उतरणीला लागलेलं असतं आणि तळ्यांचं पाणी अंग बुडवता येईल इतपत सुसह्य होतं.

आता जेवण. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तयारीचा सगळ्यात मोठा भाग तोच होता.

अस्वलांमुळे अन्न एका कडक, दणकट डब्यात ठेवणं या वाटेच्या बहुतेक भागात सक्तीचं आहे. त्याला बेअर कॅनिस्टर म्हणतात. आमचा प्रत्येकाचा डबा साडेअकरा लिटरचा होता, रिकामा असतानाच किलोपेक्षा जड. खाण्याचं सगळं त्यातच. शिवाय टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, म्हणजे वास येणारी प्रत्येक वस्तूही त्यातच. रात्री तो टेंटपासून लांब, उतार आणि पाणी दोन्ही टाळून जमिनीवर ठेवायचा. अस्वलाने ढकलला तरी तो नदीत जाऊ नये. त्यामुळे रेशनचा विचार वजनाच्या आधी आकाराने करावा लागतो. भडंग, चुरमुरे, फरसाण हे पदार्थ हलके असूनही बाद, कारण ते जागा खातात. तिखटमिठाच्या पुऱ्या बाद, त्यांचा चुरा होतो. डिंकाचे लाडू एकदम योग्य. चिक्की योग्य. दाण्याचं कूट तर हवंच हवं, कारण इतक्या थोड्या जागेत इतकी ताकद देणारा दुसरा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात नाही.

दुसरी अडचण उंचीची. ३,३०० मीटरवर पाणी साधारण ८९ अंशांनाच उकळतं. तूरडाळ तिथे कुकरशिवाय शिजत नाही. तासभर गॅस जाळला तरी दाणे टचटचीत राहतात, आणि गॅसची नळकांडी तर मोजकीच घेतलेली असतात. म्हणून सगळं आधी घरी शिजवून वाळवायचं. जूनपासून माझ्या ओट्यावर डीहायड्रेटर, म्हणजे अन्न वाळवायचं यंत्र, सतत चालू होता. नेहमीची चिंच-गुळाची आमटी करायची, फोडणीत तेल अगदी कमी घालायचं कारण तेल वाळत नाही आणि पुढे खवट होतं. मग ती ट्रेवर पातळ पसरायची. रात्रभरात तिचे कडक पापुद्रे होतात. ते मिक्सरमधून भरड काढून एका जेवणाची एक अशा पिशव्या भरायच्या. भातही तसाच, मऊ शिजवून, धुऊन, वाळवून. मुगाची खिचडी, कोबीची भाजी, वाफवलेले मक्याचे दाणे, टोमॅटोचं सार, सगळं त्याच रांगेतून गेलं. संध्याकाळी पिशवीतलं भांड्यात ओतायचं, पाण्याला उकळी आणायची, गॅस बंद करायचा आणि भांडं टोपीत गुंडाळून वीस मिनिटं ठेवायचं. वरून लहानशा बाटलीतलं साजूक तूप. एव्होल्यूशन लेकच्या काठावर, बोटं बधिर होतील अशा वाऱ्यात, चिंच-गुळाच्या वासाची वाफ तोंडावर घेत आमटी-भात खाल्ला. तो घास मला अजून आठवतो.

सकाळी स्टोव्ह पेटवायचा नाही असं आमचं ठरलेलं होतं. रात्री झोपताना पातळ पोह्यांत दाण्याचं कूट, सुकं खोबरं, मीठ, साखर, लिंबाची पावडर आणि घरून तळून कुटून आणलेली मिरची मिसळून ठेवायची. पहाटे त्यात थोडं पाणी शिंपडलं की पाच मिनिटांत दडपे पोहे. दुपारी टॉर्टियात लसणाची चटणी आणि तूप. टॉर्टिया म्हणजे पोळी नाही हे खरं, पण ती दहा दिवस टिकते, दुमडते आणि डब्याच्या भिंतीला चिकटून बसते. भाऊ आधी म्हणत होता, "ताई, सगळे लोक तयार पाकिटं घेतात, आपणही घेऊ." चार-पाच दिवसांनी तोच मला रोज दुपारी तीन वाजता विचारायला लागला, "आज आमटी की खिचडी?"

वाटेच्या मध्यावर म्यूर ट्रेल रँच आहे. तिथे रेशन आधी पाठवता येतं, आणि ते साधारण १९ लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीतच पाठवायचं असतं, कारण खोक्यात उंदीर शिरतात. खूप आधी पोस्टात टाकावी लागते. पोचलेल्या बादल्या खेचरांवर लादूनही नेल्या जातात, इतकी ती जागा आडबाजूला आहे. अंगणात ओळीने मोठी पिंपं ठेवलेली असतात. ज्यांना जास्त झालंय ते त्यात टाकतात, ज्यांना हवंय ते घेतात. एका पिंपात नुसतं ओटमील, दुसऱ्यात औषधं आणि सनस्क्रीन, तिसऱ्यात चॉकलेटं. तिथून पुढे व्हिटनी पोर्टलपर्यंत दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर वाटेवर एकही मोटाररस्ता नाही. सगळ्यात उंच खिंडी याच भागात आहेत आणि सगळ्यात जड सॅकही इथूनच उचलायची असते. तिथल्या लाकडी बाकावर आम्ही दोघांनी डबे भरायला अख्खी सकाळ घेतली. पिशव्यांतली हवा दाबून काढायची, लाडू फटीत बसवायचे, सर्वांत शेवटी लागणारं तळाशी. एक जर्मन आजोबा शेजारी बसून शांतपणे बघत होते. मी त्यांच्या हातावर एक डिंकाचा लाडू ठेवला. त्यांनी तो तिथे न खाता कागदात बांधून घेतला, म्हणाले, पुढे खिंडीत, मॅदर पासवर खाईन.

दिवसाची रचना ठरते ती खिंडींवरून. दक्षिणेकडच्या भागात जवळजवळ रोज एक खिंड येते: म्यूर, मॅदर, पिंशो, ग्लेन, फॉरेस्टर. सगळ्या साडेतीन हजार मीटरच्या वर, फॉरेस्टर तर चार हजारांच्याही वर. सिएराचा उन्हाळा एरवी कोरडा असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये नैऋत्य अमेरिकेतलं मोसमी बाष्प कधीकधी इथवर पोचतं. मग सकाळी स्वच्छ निळं आकाश, दहा-अकराला कापसाचे पुंजके आणि दुपारी दोनला गडगडाट. खिंडीजवळ झाड नसतं, आडोसा नसतो आणि वीज पडली तर उंच वस्तू म्हणजे आपणच. म्हणून खिंड दुपारच्या आत ओलांडायची. हा एक नियम धरला की बाकीचं वेळापत्रक आपोआप लागतं. आदल्या संध्याकाळी शक्य तितकं चढून, झाडांच्या शेवटच्या रांगेपाशी मुक्काम. पहाटे पाचला उठायचं. सहाला चालायला लागायचं. माथ्यावर दहाच्या सुमारास. उतरून झाडीत जेवण आणि विश्रांती. मग पुन्हा पुढच्या खिंडीच्या दिशेने हळूहळू चढ. बर्फ वितळून येणारे ओढेही सकाळीच ओलांडलेले बरे, दुपारी उन्हाने त्यांचं पाणी चढतं.

पहाटेची कामं अंधारात आणि थंडीत होतात. ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याजवळ उतरतो. पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये बारीक पोकळ तंतू असतात. त्यात राहिलेलं पाणी गोठलं तर ते फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. फोन आणि बॅटरीही आतच. टेंटच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ जमून दव झालेलं असतं. तो तसाच ओला गुंडाळायचा आणि दुपारी जेवताना तापलेल्या ग्रॅनाइटवर पसरायचा. दहा मिनिटांत कडकडीत वाळतो. आमच्या जेवणाच्या जागा त्यामुळे दुरून ओळखू यायच्या: एका धोंड्यावर टेंट, दुसऱ्यावर मोजे, तिसऱ्यावर स्लीपिंग बॅग.

मॅदर पास उतरून आलो त्या दिवशी किंग्ज नदीच्या दक्षिण फाट्यापाशी पोचलो तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते. पाय ताजे होते. पुढे पिंशो पास, सुमारे ३,७०० मीटर. हिशेबाने तीन वाजेपर्यंत माथा गाठता आला असता.

"ताई, ढग बघ," भाऊ म्हणाला. दक्षिणेला एकच ढग होता, पण तो वर वाढत चालला होता.

"थांबूया," मी म्हटलं.

"अकरालाच?"

"अकरालाच."

लॉजपोल पाइनच्या दाट झाडीत, सगळ्यात उंच झाडापासून दूर, टेंट लावला. एकच्या सुमारास गारा सुरू झाल्या. वाटाण्याएवढ्या गारांनी जमीन पांढरी झाली, तापमान इतकं उतरलं की आम्ही अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे चढवले. वीज आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजत बसलो. तासाभराने वरून चार जण परत आले, चिंब भिजलेले, दात वाजत असलेले. त्यांच्यातली एक मुलगी बोलू शकत नव्हती इतकी गारठली होती. आमच्या टेंटमध्ये घेतलं, कोरडा स्वेटर दिला, टोमॅटोचं सार गरम करून पाजलं. स्टोव्ह दारात धरून, नळकांडं हाताने गरम ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पिंशो पासवर ती मुलगी आणि आम्ही एकत्रच उभे होतो, आणि आकाशात एक टिपूस ढग नव्हता.

पाणी हा मात्र या वाटेवर चिंतेचा विषय नाही. दर काही किलोमीटरवर ओढा नाहीतर तळं. दिसायला स्फटिकासारखं असलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्मजंतू असू शकतो, म्हणून गाळूनच प्यायचं. आम्ही एकेक लिटरच बरोबर ठेवायचो, कारण लिटरमागे किलो वाढतो. फक्त व्हिटनीच्या टोकाला गिटार लेकपासून पुढे पलीकडच्या उतारापर्यंत भरवशाचं पाणी नसतं, तिथे तीन-तीन लिटर वाहिलं.

आंघोळ आणि शौच याबद्दल आपल्याकडे लिहीत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते, विशेषतः बायकांसाठी. साबण कुठल्याही पाण्यात घालायचा नाही, बाटलीवर निसर्गस्नेही लिहिलेलं असलं तरीही. तळ्यात नुसती डुबकी चालते, तीही आधी अंगावरचं सनस्क्रीन पाण्यापासून लांब पुसून. मोजे झिपच्या पिशवीत पाणी घालून खळबळायचे आणि ते पाणी काठापासून साठ मीटर लांब टाकायचं. शौचालाही तेच अंतर. छोट्या खुरप्याने पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि नंतर नीट बुजवायचा. कागद पुरायचा नाही, तो पिशवीत घालून बरोबर न्यावा लागतो. इथे आपली पाण्याची सवय फार उपयोगी पडली. बाटलीला लावायचं बारीक छिद्रांचं झाकण मिळतं, ते एक ठेवलं की कागदाचा प्रश्नच मिटतो आणि त्वचा सोलवटत नाही, जी इतके दिवस चालताना मोठीच गोष्ट आहे. मासिक पाळीसाठी कप सगळ्यात सोयीचा. पॅड घेतले तर वापरलेले सगळे शेवटपर्यंत वाहावे लागतात आणि वास येतो म्हणून तेही अस्वलाच्या डब्यातच ठेवावे लागतात. व्हिटनीच्या परिसरात तर खड्डाही चालत नाही. खडक आणि पातळ माती, त्यात माणसांची वर्दळ. तिथे प्रत्येकाने आपली विष्ठा खास पिशवीत भरून खाली आणायची. पहिल्यांदा ऐकून अंगावर काटा येतो. गिटार लेकची माती आणि पाणी इतक्या माणसांनंतरही स्वच्छ बघितल्यावर मला तो नियम मनापासून पटला.

पायांची निगा दिवसातून दोनदा. दुपारी बूट-मोजे काढून ओढ्यात पाय सोडायचे, पुसायचे, बोटांमधली वाळू काढायची. जिथे जरा लालसर दिसेल तिथे फोड यायच्या आधी टेप लावायची. रात्री झोपताना व्हॅसलीन आणि फक्त झोपेसाठी राखून ठेवलेले कोरडे मोजे. भाऊ सुरुवातीला याला वेळ घालवणं म्हणायचा. सिल्व्हर पासच्या उतारावर त्याच्या टाचेला पहिल्यांदा चुणचुणलं, आणि त्यानंतर दुपारी तोच आधी थांबायला लागला.

निसर्गाबद्दल सगळे लिहितात, फोटोही पुष्कळ आहेत, म्हणून मला जे फार भावलं तेवढंच सांगते. रेड्स मेडोजवळ थोडी वाट वाकडी करून डेव्हिल्स पोस्टपाइल बघितलं. बसाल्टचे षट्कोनी खांब, एकाला एक लावून उभे केल्यासारखे, काही अठरा मीटर उंच. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी बघितली आहे त्यांना ते लगेच ओळखू येतील. थंड होताना आकसून तडकलेला तोच लाव्हा. फक्त इथला एक लाख वर्षांच्या आतला आणि अंधेरीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथे खांबांच्या माथ्यावर चढून गेलं की हिमनदीने घासून गुळगुळीत केलेली फरशी दिसते, प्रत्येक षट्कोन वेगळा. तिथे एक रेंजर शाळेच्या मुलांना हात फिरवून बघायला सांगत होती. आपल्या गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी इमारती आणि झोपड्या भिडल्या आहेत. असा रेंजर, अशी मुलं तिथे कधी बघायला मिळतील, या विचाराने मी बराच वेळ अस्वस्थ होते.

म्यूर पासच्या दोन बाजूंना दोन तळी आहेत, वांडा आणि हेलन, म्यूर यांच्या मुलींच्या नावांची. खिंडीतच दगडाची गोल घुमटी आहे, सिएरा क्लबने १९३० साली बांधलेली, वादळात सापडलेल्यांच्या आसऱ्यासाठी. आत दगडी बाक आहेत. आसपास झाडाचं पानही नाही, म्हणजे दगड सोडून तिथे लागणारं बाकी सगळं खालून आणलं. फॉरेस्टर पासच्या दक्षिण बाजूला कड्यात सुरुंग लावून वाट कोरली आहे आणि १९३० साली ते काम करताना मेलेल्या एका तरुण कामगाराची आठवण म्हणून तिथे पाटी लावली आहे. आम्ही तिथे थांबलो, टोप्या काढल्या. खिंडीच्या कपारीत स्काय पायलटची निळी-जांभळी फुलं होती, मातीचा कण नसलेल्या जागी.

ही वाट आजही हाताने राखली जाते, आणि हे मला आधी माहीत नव्हतं. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याखालच्या या भागात मोटारीवर चालणारी अवजारं सहसा वापरत नाहीत. त्यामुळे वाटेत आडवं पडलेलं झाड दोघं जण दोन टोकांना धरून चालवतात त्या लांब करवतीने कापलं जातं. वुड्स क्रीकच्या झुलत्या पुलाच्या पुढे विशीतल्या मुलामुलींची एक तुकडी पहारीने दगड हलवून पायऱ्या बसवत होती. दर दगड बसला की एक जण त्यावर उभा राहून डुलतो का बघायचा. डुलला की पुन्हा काढायचा. एकाच पायरीवर त्यांची सकाळ गेली होती. त्यानंतर मी प्रत्येक पायरीकडे बघून पाऊल टाकू लागले.

रात्री आठला जेवण, भांडी, डबा लांब नेऊन ठेवणं हे सगळं आटोपलेलं असायचं. मग उपग्रहाच्या यंत्रावरून पुण्याला आईला एकच ठरलेला मेसेज: "पोचलो, जेवलो, ठीक." तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असायचे. ती नकाशावरचा ठिपका बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या जागेचं नाव लिहून ठेवायची. नऊ वाजता सगळी कॅम्पसाइट झोपलेली असते.

शेवटच्या रात्री गिटार लेकहून दोन वाजता निघालो. ४,१०० मीटरच्या आसपास मुख्य वाट आणि व्हिटनीची वाट जिथे फुटतात तिथे बहुतेक लोक सॅक ठेवून वर जातात. मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले मोठे प्राणी, तिथे टपलेले असतात, घामाच्या मिठासाठी पट्टे आणि पोलच्या, म्हणजे चालायच्या काठ्यांच्या, मुठी कुरतडतात. आम्ही पोल बरोबर घेतले, खाणं डब्यात कुलूपबंद केलं आणि सॅकचे खिसे मुद्दाम उघडे ठेवले, म्हणजे ते फाडायची गरज पडत नाही. वर हवा विरळ, दर वीस पावलांना थांबणं. माथ्यावर १९०९ साली स्मिथसोनियन या संशोधन संस्थेने बांधलेली दगडी खोली आहे. तिच्या आडोशाला वाऱ्यापासून वाचत उजाडेपर्यंत बसलो. भावाने जपून ठेवलेला शेवटचा लाडू काढला. अर्धा-अर्धा केला.

मग नोंदवहीत मराठीत दोघांची नावं लिहिली आणि लगेच उतरायला लागलो, कारण ढगांचा नियम व्हिटनीलाही लागू आहे. पूर्वेच्या कड्यावरची नव्व्याण्णव वळणं गुडघ्यांची परीक्षा घेतात. पोर्टलला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथे त्या खास पिशव्या टाकायला वेगळा डबा आहे, आधी ते काम केलं. उरलेलं गॅसचं नळकांडं वर जायच्या तयारीत असलेल्या एका जोडप्याला दिलं. टेंट धोंड्यावर पसरला. डबे उपडे केले तेव्हा त्यातून निघालं दोन चमचे मेतकूट, अर्धी पिशवी मक्याचे दाणे आणि तळाला चिकटलेली एक चिक्की. भावाने चिक्की खाल्ली, मी मेतकूट बोटाने चाटून संपवलं, आणि खालच्या लोन पाइन गावाला सोडणारी गाडी शोधायला आम्ही पार्किंगकडे निघालो.